ओक्सानाची जागा

९ जाने. २०२२, बॉथेल, अमेरिका
ओक्सानाशी व्हिडिओ कॉल. पोस्टडॉकला आम्ही एकाच बेंचवर, तेव्हापासूनची मैत्रीण. आता खारकिव्हला, गव्हाच्या तांबेऱ्यावर काम. म्हटलं, सीमेवर रशियाचे रणगाडे जमलेत म्हणे. हसली. "वसुधा, तू टीव्ही फार बघतेस." मागे तिचा नवरा बटाटे सोलत होता. फोन ठेवल्यावर मेसेज: तिकडे कुठल्या लॅबमध्ये माझी सोय होईल का? म्हणजे घाबरली आहे. नवऱ्यासमोर बोलवेना.

१३ जाने.
रिटायर झाल्यावर आपलं वजन किती उरतं ते कळलं. ओक्सानासाठी ओळखीच्या लॅबवाल्यांना विचारलं. दोघांनी उत्तरच दिलं नाही. एक म्हणाला, युद्ध झालं तर बघू. झाल्यावर काय बघणार, कपाळ! शेवटी टॉम. कंपनीत माझा ज्युनिअर, आता युनिव्हर्सिटीत स्वतःची लॅब. ओ.चे पेपर वाचलेत त्याने. वर्षभरासाठी व्हिजिटिंग सायंटिस्ट, एकच जागा. हो म्हणाला. आमच्याकडे नवऱ्याने, शिरीषने, शिरा केला.

२१ जाने.
ओ. येत नाही. आई अंथरुणाला खिळलेली, नवरा शहर सोडायला तयार नाही. म्हणते, लेस्याला घे. लेस्या तिच्या लॅबमधली, तिशीची, एकटी, पदरात लहान मुलगा.
"अगं, मी तुझ्यासाठी शब्द टाकला!"
"मग आता तिच्यासाठी टाक."
भांडलो. फार वर्षांनी इतक्या मोठ्याने बोलले. शिरीष म्हणाला, आईला सोडून ये म्हणणारी तू कोण? मान्य. तरी…

२५ जाने.
टॉम नाराज. त्याला ओ. हवी होती, लेस्याचं नाव कोणी ऐकलेलं नाही. म्हटलं, ओ.चंही एके काळी कोणी ऐकलं नव्हतं. विचार करतो म्हणाला. संध्याकाळी फोन: ओके.

१२ फेब्रु.
तिकडची अमेरिकन वकिलात आवरतेय, म्हणून लेस्याला व्हिसासाठी वॉर्साला पाठवलं. आज मुलाला घेऊन निघाली. ओ. स्टेशनवर पोचवायला गेली होती. विचारलं, गर्दी होती का?
"नाही. तिच्या शेजारची सीट रिकामीच गेली."


२३ फेब्रु.
कणीक मळत होते. लेकीचा फोन. इरा रडवेली, "आई, टर्न ऑन द न्यूज." सुरू झालं.
ओ.ला फोन लावला. लागला! तळघरात आहेत. आईला खुर्चीसकट खाली नेलं. हिचा पहिला प्रश्न, "लेस्याचा व्हिसा?"
अजून नाही म्हटलं.
"मग त्यांच्या मागे लाग." आणि कट.

१७ मार्च
लेस्याला आणि मुलाला विमानतळावरून आणलं. पोरगं घरात आलं तरी बूट काढू देईना. तसंच सोफ्यावर झोपलं.
लेस्याने खिचडी खाल्ली, मग हळूच विचारलं, "ओक्सानाशी कधी बोललात?"
मागच्या आठवड्यात, म्हटलं. खोटं नाही. त्यानंतर फोन लागत नाही, हे सांगितलं नाही. तिनेही पुढे विचारलं नाही. तिचाही लागत नसणार.
"त्यांच्यासाठी प्रयत्न चालू आहेत ना?"
"हो."
हे मात्र खोटं. टॉमकडे एकच जागा होती.
इरा म्हणते, यू हॅव डन इनफ, आई. शिरीष सारखा जाऊन त्या पोराचं पांघरूण नीट करतो.
उद्या टॉमला भेटते. बाकीच्या लॅबवाल्यांनाही गाठते. ओ. येईल, न येईल. जागा असू दे.