एका दाराची दोन कुलपं

चाकण
२७ ऑक्टोबर १९७४

चि. ज्ञानदेव यास आक्काचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, मला राग आला आहे आणि तो काढायला चाकणात माणूस नाही. शाळेतली पोरं बिचारी उगाच बोलणी खाताहेत.

धम्मचक्र दिनाला मी दोन एस.टी. बदलून पिंपरीला आले, ती विहारात वंदना करायला. दाराला दोन कुलपं बघायला नाही. एक खालच्या वस्तीचं, भिमाजींचं. एक वरच्या वस्तीचं, ज्योतीरामचं. पक्षाचे दोन तुकडे मोठ्या पुढाऱ्यांनी केले असतील, पण कुलपं आपल्याच माणसांनी दुकानात जाऊन विकत आणली. भिमाजींकडे गेले, तर म्हणाले, त्या पोराला आधी किल्ली घेऊन येऊ दे. ज्योतीरामकडे गेले, तर तो म्हणाला, म्हाताऱ्याने आधी माफी मागावी. शेवटी आम्ही बायकांनी पायरीवर मेणबत्त्या लावल्या आणि बंद दाराकडे तोंड करून त्रिसरण म्हटलं.

याच विहारासाठी आईने नदीतून वाळूच्या पाट्या वाहिल्या. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी म्हणून गुरुवारी श्रमदान, आणि साठी उलटलेली आपली अंबुबाई सगळ्यांच्या पुढे. तेव्हा हाच भिमाजी पाटी भरून देत होता आणि हाच ज्योतीराम ती उतरवून घेत होता.

आणि तू काय केलंस? दोघांना घरी बोलावून चहा पाजलास. तुझ्या बायकोनेच, सरूने सांगितलं, वर नगरपालिकेला उभाही राहतो आहेस. राहा. पण नीट ऐक. एकोणीस डिसेंबरला आईचं वर्ष. पुण्यानुमोदन होईल ते विहारात, आईने वाहिलेल्या वाळूवर. नाहीतर मी पिंपरीत पाऊल ठेवणार नाही, आणि तुझा गुलालही मला दाखवू नकोस.

सरूला आठवण सांग. तुझ्यावर लोभ आहे, तो वाढेल असं काहीतरी कर.

तुझी आक्का,
चतुराबाई


पिंपरी
३ नोव्हेंबर १९७४

ती. आक्कास ज्ञानदेवचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र सरूने मोठ्याने वाचलं. शेजारपाजारीही ऐकू गेलं, म्हणजे योग्य ठिकाणी पोहोचलं म्हणायचं. चहाचं म्हणशील तर साखर मिळेनाशी झाली आहे. दोघांनी गुळाचा चहा न कुरकुरता प्यायला, हीच एकीची सुरुवात समज.

मी उभा का राहिलो ते सांगतो. आमच्या वॉर्डात गावातल्या बड्या अण्णासाहेबांचा पुतण्या उभा आहे. गावकीची मतं त्याची, पण तीही तिघांत फुटली आहेत. आपली वस्ती एक राहिली तर जागा आपली. भिमाजींना ज्योतीरामचा माणूस नको, ज्योतीरामला भिमाजींचा नको. मी कोणालाच हवा नाही, म्हणून दोघांनाही चालतो. दोघांनी शब्द दिला आहे की, मी निवडून आलो तर त्याच दिवशी आपापलं कुलूप काढतील. आईच्या वर्षाला दार उघडं असेल, आक्का. मला नगरपालिकेत जाऊन दुसरं काय करायचं आहे?

मान दोघांना सारखा मिळावा म्हणून एक ठरवलं आहे. मतदानाच्या खोलीत उमेदवाराचा एजंट बसतो ना, मतदार ओळखायला आणि बोगस माणूस आला तर हरकत घ्यायला, तो पुरुषांच्या खोलीत ज्योतीराम आणि बायकांच्या खोलीत भिमाजींच्या घरच्या शालनबाई. एक वरचा, एक खालची. कोणाला बोलायला जागाच नाही. मी फिटर माणूस. दोन पट्ट्या जोडायच्या तर दोन्ही बाजूंचे बोल्ट सारखे आवळावे लागतात, एवढंच मला कळतं.

कळावे. रागाच्या पाकिटात थोडा लोभही घालत जा.

तुझा,
ज्ञानदेव


चाकण
८ नोव्हेंबर १९७४

चि. ज्ञानदेव यास जयभीम व आशीर्वाद.

दोन घरचा पाहुणा उपाशी, ही म्हण मी पोरांना तिसरीत शिकवते. तुला परत तिसरीत बसवायला हवं.

अरे, शालनबाई वरच्या वस्तीतल्या बायकांना नळावर हंडा लावू देत नाही, ती त्यांना मत टाकू देईल? आणि ज्योतीरामला झोपेतसुद्धा गद्दार दिसतात. बायकांच्या खोलीत सरूला बसव. वस्तीतली प्रत्येक बाई तिच्या ओळखीची, तिच्या हातचं बाळंतपणाचं पाणी घेतलेली. पुरुषांच्या खोलीत तुझ्या खात्यातला कोणी तरी शांत डोक्याचा माणूस बसव. त्या दोघांना मान द्यायचा असेल तर हार घाल, खुर्ची देऊ नकोस.

लहानपणी भाकरीवरून आपलं भांडण झालं की तू तुझी अर्धी मला देऊन उपाशी झोपायचास. आईला त्याचं कौतुक वाटायचं. मला तेव्हाही रागच यायचा, कारण दुसऱ्या दिवशी मार मला बसायचा.

ऐकशील अशी आशा नाही, तरी लिहिलं.

तुझी आक्का


पिंपरी
१२ नोव्हेंबर १९७४

ती. आक्कास जयभीम.

घाईत कार्ड टाकतो. खुर्च्या देऊन झाल्या आहेत. आता काढून घेतल्या तर दोघं दोनाची चार कुलपं लावतील. काल प्रचारफेरीत वरची आणि खालची पोरं एकाच ढोलामागे चालली, ते तू बघायला हवं होतंस. रविवारी मतदान. काळजी करू नकोस.

ज्ञानदेव


पिंपरी
२० नोव्हेंबर १९७४

ती. आक्कांना सरूबाईचा जयभीम.

हे लिहायला बसले होते, पण तीनदा कागद फाडला. म्हणून मी लिहिते. अक्षर तुम्हीच गिरवून घेतलंय, चुकलं तर तुमच्याच माथी.

आपण पडलो, आक्का. थोडक्या मतांनी पडलो. अण्णासाहेबांचा पुतण्या आला.

रविवार आमच्याकडं कामाचा दिवस. दुसऱ्या शिफ्टच्या माणसांनी मत टाकून मग कंपनीत जायचं असं ठरलं होतं. सकाळीच रांग लागली. वरची, खालची एकाच रांगेत बघून मला बरं वाटलं. पण रांग हलेना. आत जाऊन आलेली माणसं बोलायला लागली तेव्हा कळलं. खालच्या वस्तीचा माणूस आत गेला की ज्योतीराम उठून साहेबांना म्हणायचा, माझी हरकत आहे, ह्याचं नाव गावच्या यादीत पण हाय. की साहेब चौकशी करणार, साक्षीदार मागणार, पोलिसाला बोलावणार. एका माणसामागं चहा थंड व्हावा इतका वेळ. आणि बायकांच्या खोलीत शालनबाईचं तेच. वरच्या वस्तीची बाई दिसली की हरकत. दोघांच्या छातीवर बिल्ला आमच्या यांच्याच नावाचा.

मी दारातून शालनबाईला विचारलं की हे काय मांडलंय. तर म्हणाली, सरू, तुला न्हाई कळायचं, ह्या वरच्या बाया अण्णासाहेबाला मत टाकाया आल्यात, मी तुझ्या मालकाची शीट वाचवतीया. खालच्या माणसांबद्दल ज्योतीरामही आमच्या यांना हेच म्हणाला. आणि आक्का, ते खोटं बोलत नव्हते. दोघांना खरंच तसं वाटत होतं.

मी यांना म्हटलं, उठवा दोघांना, मी बसते आत. हे म्हणाले, एवढ्या लोकांपुढं त्यांचा अपमान होईल. हात जोडून दोघांना समजावत राहिले, ह्या खोलीतून त्या खोलीत. तेवढ्यात भोंगा झाला. दुसऱ्या शिफ्टची माणसं रांग सोडून सायकलीवर बसली. मग नळाला पाणी यायची वेळ झाली, तशा बायका गेल्या. अण्णासाहेबांची माणसं समोरच्या मांडवात भजी खात बसली होती. त्यांना जागचं उठावंसुद्धा लागलं नाही.

मला रडू आलं नाही. शालनबाईची वेणी धरून तिला बाहेर ओढावं असं वाटलं, आणि नाही ओढलं याचंच वाईट वाटतंय.

तुम्ही रागवाल, पण माणूस तुटेल असं लिहू नका. हे जेवत नाहीत.

तुमची,
सरू


चाकण
२५ नोव्हेंबर १९७४

ज्ञानदेव,

आज आशीर्वाद नाहीत. सरूने सांगितलंय म्हणून शब्द मोजून लिहिते आहे, तरी ते कमी पडणार नाहीत.

अपमान होईल म्हणालास? कोणाचा? त्या दोन खुर्च्यांचा? आणि उन्हात उभ्या राहिलेल्या, पोर काखेला मारून आलेल्या, मत न टाकता परत गेलेल्या बायकांचा काय तो सत्कार झाला? भोंग्याकडे कान लावून रांगेत उभ्या असलेल्या माणसांना तू काय दिलंस? पक्ष दुभंगला तो भांडणाऱ्यांमुळे, असं मी आजवर म्हणत होते. आता म्हणते, तुझ्यासारख्या गोड माणसांमुळेही दुभंगतो. तुम्ही सगळ्यांचं मन राखता आणि शेवटी काहीच राखत नाही. बाबासाहेबांनी ज्या मतासाठी जन्म झिजवला ते मत आपल्याच माणसांनी आपल्याच माणसाला टाकू दिलं नाही, आणि तू हात जोडून उभा!

कुलपं तशीच असतील. आईचं वर्ष मी इथे एका खोलीत करीन. तू येऊ नकोस.

चतुराबाई

ता. क. जेवत जा. उपाशी राहून मतं वाढत नाहीत.


पिंपरी
७ डिसेंबर १९७४

ती. आक्कास ज्ञानदेवचा जयभीम.

तुझं पत्र खिशात घेऊन आठवडाभर कामावर गेलो. तू लिहिलंस त्यातलं एक अक्षर खोटं नाही, म्हणून उत्तर दिलं नव्हतं. आज द्यायला काही आहे.

परवा गुरुवारी विहार उघडला. खरंच उघडला. भिमाजी आणि ज्योतीराम एका वेळी किल्ल्या घेऊन आले, दोघांनी आपापलं कुलूप काढून कडीला अडकवलं. दोन्ही वस्त्या आत आल्या, इतकी माणसं की मला दाराशी जागा मिळाली. एकी झाली म्हणून माझे डोळे भरून आले. मग कळलं, सभा माझ्यावर आहे. उमेदवार ज्ञानदेव याच्या नालायकपणामुळे वस्तीची जागा गेली, सबब त्याने यापुढे पक्षाचं काम करू नये. ठराव भिमाजींनी मांडला आणि अनुमोदन ज्योतीरामचं. सगळे हात वर गेले. शालनबाईचा तर दोनदा.

आक्का, मला आयुष्यात असा राग आला नव्हता. त्या हातांकडे बघत राहिलो. यातले निम्मे हात पेटीपर्यंत पोहोचू दिले असते तर? मी बोलायला उभा राहिलो. आधी म्हणालो की मी नालायक आहे, माझ्या आक्काने ते लेखी दिलेलं आहे. त्या दिवशी तुम्हा दोघांना कान धरून उठवायला हवं होतं आणि मी उठवलं नाही, हा माझा गुन्हा. ठराव मान्य. आणि मग आवाज चढला तो मलाच ओळखू येईना. पक्षातून काढा, वस्तीतून काढा, पण या फरशीखाली माझ्या आईने वाहिलेली वाळू आहे, या दाराला आता कुलूप लागणार नाही. लावलंत तर हॅक्सॉ घेऊन येईन आणि भर दुपारी कापीन. दोन्ही कुलपं किल्ल्यांसकट कडीवरून काढली, डब्याच्या पिशवीत टाकली आणि घरी आलो. कोणी तरी आडवा येईल म्हणून वाट पाहिली. कोणी उठलं नाही.

तेव्हापासून दार उघडं आहे. एकोणीसला पुण्यानुमोदन विहारातच. कोण येईल सांगता येत नाही. सरू म्हणते, दोन्ही वस्त्यांना पुरेल एवढा भात घालू, नाही आले तर आठवडाभर आपण खाऊ. ये.

ज्ञानदेव


चाकण
१२ डिसेंबर १९७४

चि. ज्ञानदेव यास जयभीम आणि सगळे थकलेले आशीर्वाद एकदम.

येते. आईची तसबीर मी आणीन. कुलपं टाकू नकोस. एक माझ्या पेटीला लागेल.

आक्का


पिंपरी
२० डिसेंबर १९७४

ती. आक्कास जयभीम. वि. वि.

चाकणला सुखरूप पोहोचलीस ना? शेवटची एस.टी. चुकू नये म्हणून तू निघालीस, आणि नंतरचं तुला बघायला मिळालं नाही म्हणून लगेच लिहितो.

तू होतीस तेव्हा भिमाजी आत बसले होते आणि ते आत आहेत म्हणून ज्योतीराम बाहेर, उघड्या दारासमोर उभा. वंदना त्याने बाहेरूनच म्हटली, आणि आमच्यापेक्षा मोठ्याने. तू त्याचं ताट उंबऱ्याच्या आत ठेवून, भूक असेल तर आत येऊन खा, मी तुझी नोकर नाही, असं सांगून निघालीस. तो ताटाकडे बघत तसाच उभा. सगळ्यांची जेवणं झाली. सरू भांडी घासायला बसली. मग आला. भिंतीला टेकून बसला आणि गार भात खाऊ लागला. भिमाजी हात धुऊन निघाले होते. जेवणाऱ्याला एकटं टाकून उठू नये, ही आईचीच शिस्त. म्हातारा परत आत आला आणि त्याच्या शेजारी बसला.

ताट पुसून झाल्यावर ज्योतीराम म्हणाला की त्या दिवशी पहिली हरकत शालनबाईंनी घेतली. भिमाजी म्हणाले, तू. मग जे सुरू झालं, ते पार नदीपर्यंत ऐकू गेलं असेल. कोणी किती माणसं परत पाठवली, कोणाच्या आतेबहिणीला कोणी अडवलं, सगळं बाहेर पडलं. शालनबाई पदर खोचून आली. रांगेतून परत गेलेल्या वरच्या बायका आल्या आणि तिला सगळ्यांदेखत जाब विचारायला लागल्या. दार उघडं, आईची तसबीर समोर, आणि दोन्ही वस्त्या एकमेकींच्या तोंडावर भांडताहेत. पक्ष फुटल्यापासून दीड वर्षात पहिल्यांदा.

सरू म्हणाली, अहो, जा, मिटवा.

मी दाराशी बसून राहिलो. या वेळी मी मध्ये पडलो नाही, आक्का.

तुझ्या रागाचा भुकेला,
ज्ञानदेव