पुळणीवर दगड आले

अहो,

तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी बोलते ती मनातल्या मनात, भांडी घासताना, वाडीत पडलेल्या झावळ्या गोळा करताना. आज मात्र कागद घेऊन बसले. घरात माझं ऐकून घेणारं कोणी उरलं नाही आणि उद्या मला पंचायतीत उत्तर द्यायचं आहे.

आपल्या पुळणीवर दगड आले हो! मालगुंडाकडून काळ्या दगडांचा बंधारा घालत घालत पार आपल्या माडांच्या वाडीच्या कुंपणापर्यंत आणलाय. आता वाडीसमोरची वाळू तेवढी मोकळी राहिली आहे, आणि तिथे दगड टाकायला माझी संमतीची सही हवी आहे. चूक तरी कुणाची म्हणू? मागच्या उधाणात वाडी ओलांडून पाणी दिनूभावजींच्या पडवीत शिरलं. त्यांची सून तान्ह्या पोराला घेऊन खाटेवर चढून बसली होती. तुमच्या सख्ख्या भावाला मी काय सांगायचं?

बोटीवरची नोकरी सोडून तुम्ही कासवांची अंडी राखायला लागलात, तेव्हा मी किती भांडले होते! "तेव्हाही घरात नव्हतात नि आताही पुळणीवरच!" तुम्ही नुसते हसलात. "चल, तूही ये." घरट्यातून पिल्लं वर आली तेव्हा पदर खोचून वाळूत बसले ती मीच. मला हे वेड लावलंत आणि आपण मोकळे झालात. असं करतात का?

काल सकाळी बंधाऱ्यात कासवीण अडकलेली दिसली. अंडी घालायला वर यायची वाट शोधत दगडांवर चढली असणार आणि फटीत कोसळली. तिच्या पोटाखाली अंडी फुटून बलक दगडांवरून ओघळत होता. वर कावळे. मी ओरडतच सुटले. दिनूभावजी धावत आले.

दोघांनी ओढून ओढून तिला बाहेर काढलं. भावजींची बोटं सोलवटली, तरी त्यांनी हात सोडला नाही. पाण्याशी नेलं तर ती हलेचना.

"गेली काय ओ, वहिनी?" त्यांचा आवाज चिरकला.

मग लाट अंगावरून गेली, तिनं मान उचलली आणि पाण्यात शिरली. अंडं मात्र एकही धड मिळालं नाही.

परतताना मी म्हटलं, "भावजी, बंधारा वाडीच्या मागून घेऊ या, घरांना लागून. वाडी जाऊ दे समुद्राला."

ते जागीच थांबले. "दादानं लावलेले माड बुडवणार तुम्ही? कासवांसाठी?"

"हो."

"खुळ्या झालात तुम्ही," म्हणाले आणि तसेच रक्ताळलेले हात घेऊन घरात गेले. तेव्हापासून बोलत नाहीत.

मुंबईहून सुधीरचा फोन आला. "आई, सही करून टाक. उगाच गावाशी वैर नको." आपला मुलगा हो! पिल्लं मोजायला तुमच्या आधी धावायचा तो! बंधाऱ्याचे साहेब मात्र चांगले बोलले. "मावशी, आराखडा बदलायला वरून मंजुरी लागते. तोवर काम थांबलं आणि उधाण आलं तर?"

तर काय? तुम्हाला तरी उत्तर सुचलं असतं का?

मी फार घाबरलेय. पाऊस तोंडावर आहे. पाणी पुन्हा त्या पोराच्या खाटेपर्यंत गेलं तर मी कुणाला तोंड दाखवू? आणि एवढं करून कासवं इकडे फिरकलीच नाहीत तर? कुठे गेलात हो मला या कचाट्यात टाकून!

तरी उद्या जाणार आहे. वाडी घ्या, माड तोडा, भिंत माझ्या मागच्या दाराला टेकवा, पण पुळण सोडा, असं सांगणार आहे. ऐकतील असं वाटत नाही. माझ्या नकाराला न जुमानता काम रेटतीलही. पण एक शब्द तुम्हाला देते. सगळं गाव बोलायचं थांबलं तरी, त्या वाळूवर पडणाऱ्या एकाही दगडाला माझा होकार नसेल.

तुमचीच,
शालन