पौर्णिमेची फुलाफुलांची साडी

भागाबाईस धाकट्या बहिणीचा जय भीम. तुझे गुडघे कसे आहेत? (भिलाईतून विचारल्याने दुखणं कमी होत नाही, पण विचारल्याशिवाय हात पुढे चालत नाही.)

पौर्णिमेला सकाळी कुकर लावला, भांडी घासली आणि विहारात नेसायची पांढरी साडी धुऊन तारेवर टाकली. तिच्यावर स्टील प्लांटची लाल धूळ बसली, म्हणून परत धुतली. मग ती काही वाळेना. शेवटी तू दिलेली फुलाफुलांची नेसून सुपेला भागातल्या विहारात गेले. चुकलं ते इथेच.

वंदना संपल्यावर कळलं, शेजारच्या अंगणवाडीत सरकारी शिबिर आहे. बेरोजगारांची नोंद आणि विधवांना पेन्शन. आम्ही सगळ्या तशाच रांगेत. साहेब नवे होते. (आपल्या बाया पौर्णिमेला पांढरं नेसतात, हे त्यांना कोण सांगणार?) त्यांनी रांग पाहिली, च् च् केलं आणि न विचारताच एकेकीला विधवा लिहायला लागले. चंपाचा नवरा चंपत तिच्या मागेच उभा. तो ओरडला, "अजी साहेब, मी जित्ता हावो ना!" चंपा म्हणाली, "चूप राहा जी. काम तं करून नाही राहिले, थोडं मरून तरी पाहा!"

चंपत आणि मी एकाच ठेकेदाराकडे होतो, एकाच दिवशी घरी बसलो. त्याला साहेबांनी लिहिलं बेरोजगार. मला लिहिलं गृहिणी. मी म्हटलं, माझंही काम सुटलं. तर म्हणे, "घर तो संभालती हो ना?" (चंपतला हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर चंपाच हसली असती.) वरून विचारलं, "महाराष्ट्र की हो?" लग्न होऊन आले ती इथेच, तरी इथे मी महाराष्ट्रवाली आणि तुमच्या नागपुरात भिलाईवाली.

शेवटी पेन्शनचं म्हटलं. काम गेल्यापासून आता तेवढाच आधार. साहेबांनी माझ्या साडीवरची फुलं पाहिली आणि म्हणाले, "कल पति को लेकर आना."

ऑटोत मी हसत होते. घरचं कुलूप उघडल्यावर हसू राहिलं नाही.

तुझी,
विजया

ता. क. कायमची नागपूरला ये म्हणतेस, ते नको. यांचं सगळं इथे आहे. तुझ्या भूषणच्या ओळखीचा माणूस इथे पावर हाउस भागात मेस चालवतो ना? पोळ्या लाटीन, भांडी घाशीन. भूषणला सांग, 'मावशी बिचारी एकटी आहे' म्हणू नको, 'बेरोजगार आहे' म्हण.

आणखी एक. पांढरी साडी रात्रीतून वाळली. दुसऱ्या दिवशी ती नेसले, भिंतीवरची यांची तसबीर काढली, पुसली, हार नीट केला आणि मांडीवर घेऊन ऑटोने शिबिरात गेले.