शेजारच्याची ओळ

पिन उपटली, मॅडम, आणि स्क्रीन काळी झाली, आणि माझं तोंड आपोआप सुरू झालं. समोर बियाणे कंपनीचे शेठ बसलेले, भिंतीशी नोंदी करणाऱ्या दोघी जणी, आणि मी हातात वायर धरून बोलतोय: कपाशी, उगवण तपासणी, ट्रे तिसरा, रोप वाकडं. एवढं झाल्यावर मला ऐकू आलं की मी बोलतोय. थांबलो. "मंतर म्हणता का काय साहेब?" शेठ म्हणाले. दोघी हसल्या. मीही हसलो आणि पिन परत लावली. मशीन उठलं. 'रोप वाकडं' हे शब्द जिथे होते तिथेच होते आणि त्यांच्यापुढे कर्सर लुकलुकत होता. मी काहीच सेव्ह केलं नव्हतं. शेठनी चष्मा वर करून जवळून पाहिलं. "बिलकुल जसंच्या तसं," म्हणाले.

हाच माझा धंदा आहे. गावोगाव जाऊन लोकांसमोर पिन उपटतो. तुमच्या वेळी कॉम्प्युटरला दोन मेमऱ्या असायच्या हे तुम्हीच फळ्यावर दोन डबे काढून शिकवलं होतं. एक चपळ पण विसराळू, लाइट गेली की रिकामी. दुसरी मंद, पण तिच्यात टाकलेलं राहतं. मी विकतो ती पहिलीसारखी चपळ आहे आणि दुसरीसारखी विसरत नाही. तिचा बाजार वाढतोय. पुण्यातले आमचे साहेब दर बैठकीत वर जाणारा बाण दाखवतात. बँका घेतात, दवाखाने घेतात, आता बियाण्याच्या कंपन्याही विचारायला लागल्यात, म्हणून त्यांनी मला जालन्याला पाठवलं. विसरणं आता कुणालाच परवडत नाही, असं साहेब म्हणतात. मी ते वाक्य त्यांच्याकडून घेतलं आहे आणि सगळीकडे वापरतो.

त्या दोघी प्रयोगशाळेतून आलेल्या चिठ्ठ्या भरतात. कुठल्या ट्रेमध्ये किती उगवलं, किती कुजलं. एक उंच आहे, दुसरीला जाड भिंगांचा चष्मा. टेबलं इतकी चिकटून की एकीचं कोपर दुसरीला लागतं. इन्व्हर्टर आहे, पण तो बियाण्याच्या थंड खोलीला जोडलेला. या दोघींची लाइट जाते. मी पिन उपटायच्या आधी अशीच एकदा गेली होती, खरीखुरी, आणि अंधारल्याबरोबर उंच बाई चष्मेवालीला म्हणाली होती, "मका, ट्रे दुसरा, बुरशी." चष्मेवाली तिला म्हणाली, "तू सोयाबीनवर व्हतीस. तुकडा दाणा." म्हणजे प्रत्येकीनं दुसरीचं सांगितलं. मी त्यांच्या टेबलापाशी गेलो. विचारलं, "हे कुठं शिकलात? भोकरदनला?" वाटलं, तुमचं नाव येईल, तुमच्या क्लासचं. उंच बाई म्हणाली, "कुठं न्हाई शिकलो सर. लाइटनं शिकवलं." चष्मेवाली म्हणाली, "हिचं ध्यान सारखं माझ्या स्क्रीनवर. नवऱ्याकडं इतकं बघितलं असतं तर संसार सोन्याचा झाला असता." "अन् तू माझ्या डब्याकडं बघती ते?" "डबा बघण्यासारखा आणत जा मंग."

प्रयोग संपल्यावर शेठनी त्यांच्यादेखतच विचारलं. "मंग साहेब, आता काही उडणारच न्हाई तर दोघी कशाला? एकीनंच भागतंय की." दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. ते माझ्या लक्षात राहिलं, कारण त्याआधीचा सगळा वेळ त्या एकमेकींकडे पाहतच होत्या. शेठ उत्तराची वाट पाहत होते. विकणाऱ्याचं उत्तर सोपं असतं. तेवढ्यात चहा आला आणि मी कप तोंडाला लावला.

भोकरदनची, खताच्या दुकानावरची ती खोली, मॅडम. जिन्यात औषधाचा वास, दारात चपलांचा ढीग, आत भिंतीला लागून जोडी-जोडीनं मांडलेली मशिनं आणि मागच्या बाजूला पडद्याआड तुमचा गॅस. तुम्ही चहा टाकता आणि तिथूनच कीबोर्डच्या आवाजावरून ओळखता की कोण थांबलंय. मी गावाहून एसटीनं येतो, सकाळचा उपाशी, आणि तुम्ही काही न विचारता अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्या मांडीवर ठेवता. "बोटं पुसून कीबोर्डला हात लाव. तिखट लागलं तर त्याला पाणी कोण पाजणार?" मग लाइट जाते. पोरं ओरडतात. कुणाचं पान गेलं, कुणाचं अर्धं. तुमचा आवाज पडद्याआडून येतो: "वरडू नका. शेजारच्याची ओळ सांगा."

हा तुमचा नियम होता. दर थोड्या वेळानं मान वळवायची, शेजारच्याची शेवटची ओळ वाचायची आणि धरून ठेवायची. आपली नाही, त्याची. एका पोरानं विचारलं होतं, आपली आपणच धरली तर काय बिघडलं. तुम्ही म्हणालात, "आपलं गेलं की माणूस भितो. भ्यालेल्याला काय आठवतं? शेजारच्याचं गेलं तर कोण भितं? म्हणून तेच ध्यानात ऱ्हातं." मग त्याच पोराकडे बघून, "तुला न्हाई पटत ना? मंग तुझी ओळ तुझ्या मायला धरायला सांग, ती येती रोज क्लासला." माझ्या शेजारी हसनाबादकडची एक मुलगी होती. आम्ही एकमेकांशी दुसरं काहीच बोललो नाही. पण लाइट गेली की ती माझ्याकडे न बघता माझी ओळ सांगायची आणि मी तिची. "जमिनीचा पोत सुधारण्यासाठी शेणखत" ही तिची एक ओळ अजून माझ्याजवळ आहे. माझी तिच्याजवळ कुठली असेल ते मला माहीत नाही. इतक्या वर्षांत कुणाचं माझ्याकडे काही राहिलं असेल तर एवढंच.

तुमचं मशीन मात्र एकटं होतं. खिडकीपाशी, आमच्याकडे पाठ केलेलं. क्लास सुटल्यावर तुम्ही तहसीलला आलेल्या लोकांचे अर्ज टाइप करायचात. माझी गाडी उशिरा असायची, म्हणून मी दाराशी बसून राहायचो आणि खिडकीच्या काचेत तुमची स्क्रीन उलटी दिसायची. उलटं वाचायची सवय झाली होती. एकदा लाइट गेली. तुम्ही हात कीबोर्डवर तसेच ठेवून अंधारात बसून राहिलात. मी म्हणालो, "तरी मेहेरबान साहेबांनी सदर अर्जाचा विचार करून." तुम्ही मान वर केलीत. "तुला कुणी सांगितलं माझं बघायला?" इतक्या कोरड्या आवाजात तुम्ही कधी बोलला नव्हतात. "बसायचं तर बाहेर बसत जा." मी चपला हातात घेऊनच जिना उतरलो. दुसऱ्या दिवशी क्लासला आलो तर तुमचं टेबल फिरवलेलं होतं. मशीनची पाठ खिडकीला आणि स्क्रीन दाराकडे. मी दाराशीच बसलो आणि त्यानंतर दर वेळी तुमची ओळ मीच सांगितली. मला आजवर बऱ्याच वस्तू मिळाल्या. ते फिरवलेलं टेबल त्यात मोजत नाही मी, ते वेगळं ठेवतो.

कप खाली ठेवला तेव्हा शेठ म्हणाले, "बोला." मी म्हणालो, "शेठ, मशीन विसरणार नाही हे खरं. पण चुकीचं टाकलं तर तेही विसरणार नाही. आज लाइट जाते म्हणून ह्या दोघी एकमेकींचं वाचत राहतात, त्यात चुका सापडतात. मका म्हणून ज्वारी पडली तर उद्या पोत्यावर तेच छापलं जाईल. त्याला दुसरे डोळेच लागतात. दोघी शेजारी असू द्या." शेठनी चष्मा कपाळावर सरकवला. "साहेब, तुम्ही विकायला आला का मोडायला?" मी म्हणालो, विकायलाच. "मंग इतकं खरं कशाला बोलता? धंद्यात बराबर न्हाई ते." ते हसत होते. सकाळी सांगतो म्हणाले, मशीन रात्रभर इथंच राहू द्या. मी निघताना उंच बाई जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, "सर, दोघींना ठेवतील का हो?" मी म्हणालो, ठेवतील. ती म्हणाली, "मला घरी कुणी न्हाई. हितं आलं की बोलणं व्हतं." मग एवढं सांगितल्याचीच लाज वाटल्यासारखी परत फिरली.

मोंढ्याजवळच्या लॉजवर बसून हे लिहितोय. ऊन उतरलंय. खाली बाजारात धान्याची पोती ट्रकवर चढवणारे हमाल एकमेकांना शिव्या देत हसतायत. तुम्ही गेल्याचं मला फार उशिरा कळलं, गावच्या ग्रुपवर कुणीतरी तुमचा जुना फोटो टाकला तेव्हा. त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग होती. मी पण एक चित्र टाकलं. नंतर भोकरदनला गेलो होतो, त्या खोलीत आता मोबाइलची कव्हरं विकतात. दारातून खिडकी दिसते, तेवढं तसंच आहे.

पुण्यात आमच्या ऑफिसात लाइट गेलेली कळतसुद्धा नाही. कुणी मान वर करत नाही. सुरुवातीला मी सवयीनं शेजारच्याच्या स्क्रीनकडे बघायचो. त्यानं एक दिवस स्क्रीनवर काच बसवून घेतली, बाजूनं पाहिलं की काळी दिसणारी. मग सगळ्यांनीच बसवल्या. मीही बसवली. तिथे आता कुणाचंच काही जात नाही आणि कुणाचंच काही कुणाजवळ नसतं. घरी आल्यावर मी टीव्ही लावतो, तो कुणीतरी बंद कर म्हणावं म्हणून मोठा ठेवतो.

हे पत्र कुठे टाकणार नाही, बॅगेत राहील. आणि एक सांगायचं राहिलं. शेठना मी जे बोललो ते मशीनबद्दल खरं होतं, पण ते मी त्या दोघींसाठी बोललो नाही. चुकांसाठी तर नाहीच. कुठेतरी अजून कुणी कुणाच्या शेजारी बसतं, एवढं तरी उरावं, असं मला वाटत होतं.

पुढचं आज लिहितोय. सकाळी मशीनचं बघायला गेलो. शेठ दारातच भेटले. "घेतलं तुमचं मशीन. अन् चष्मेवालीला पॅकिंगला पाठवली, पोत्यावरचं छापलेलं तीच वाचून घेईल. तुमचंच ऐकलं की." पॅकिंगची शेड रस्त्याच्या पलीकडे आहे. ऑफिसात उंच बाई एकटी नव्या मशीनवर टाइप करत होती, शेजारच्या टेबलावर चिठ्ठ्यांचे गठ्ठे ठेवलेले. मी मागे उभा होतो तेवढ्यात लाइट गेली. ती थांबली. मी म्हणालो, "तूर, ट्रे पहिला, उगवण चांगली." ती मागे न वळता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सर. ते येतंय आपोआप." लाइट आली, आणि ते स्क्रीनवर आलं.