नत्थुजी आपले जावई नव्हेत

अमरावती,
ता. ११ फेब्रुवारी १९६२

आदरणीय मामाजी यांना शेषराव तायडे याचा सविनय जयभीम.

आपलं कार्ड परवा मिळालं. इकडे मी आणि शालू खुशाल आहोत (माझा डावा गुडघा सोडून, त्याची हकीकत पुढे येईलच). आपला खोकला कसा आहे? आईंच्या पायांची आग कमी झाली का? काळी गाय यंदा व्याली असेल, कालवड झाली की गोऱ्हा, तेही कळवावं. एवढं बारकाईनं विचारतो आहे कारण आपण रागात आहात हे मी ओळखलं आहे. लग्नाला चार वर्षं झाली, पण माझ्या प्रकृतीची चौकशी नसलेलं आपलं हे पहिलंच कार्ड. शिवाय 'जावई' हा शब्द आपण इतका दाबून लिहिला आहे की तिथे कार्डाला भोक पडलं आहे.

आपलं म्हणणं असं की, पुंजाजीकाका बाजाराला अमरावतीत आले असता त्यांना एक म्हातारे गृहस्थ दोन्हीकडे दुधाचे कॅन लटकवून सायकलवरून जाताना दिसले, आणि त्या सायकलच्या चेनकव्हरवर पिवळ्या रंगात लिहिलं होतं, 'चि. शेषराव यांस देवराव खंडारे, चांदूर बाजार, यांजकडून लग्नाप्रीत्यर्थ सप्रेम भेट'. काकांनी हटकलं तेव्हा त्या गृहस्थांनी, हो, मीच देवरावांचा जावई, असं सांगितलं. तर प्रथम हे स्पष्ट करतो की ते दूधवाले नत्थुजी आपले जावई नव्हेत. त्यांचं वय अठ्ठावन्न असून त्यांना स्वतःचेच तीन जावई आहेत. पण जो तो चेनकव्हर वाचून त्यांची चौकशी करतो, तेव्हा रोज सगळी कथा सांगण्यापेक्षा हो म्हणणं त्यांना सोपं जातं. (त्यांच्या गल्लीत आता त्यांना चांदूरवाले जावई म्हणूनच हाका मारतात. त्यांच्या घरच्या मंडळींना हे फारसं आवडलेलं नाही.)

आता सायकल का गेली ते सांगतो. अकोल्याला बदली झाली तेव्हा, बिऱ्हाड तिकडे हलवा, असं सगळ्यांनीच सुचवलं होतं. पण शालूचं ट्रेनिंग इथं, परीक्षा एप्रिलात. म्हणून मी रोज जाऊन येऊन करायचं ठरवलं. सकाळी सायकलनं बडनेरा, तिथून गाडीनं अकोला, आणि अकोल्याच्या स्टेशनपासून कार्यालय दोन मैल. म्हणजे सायकल दोन्ही टोकांना हवी आणि मधे गाडीत नको. आपण दिलेली सायकल डबल दांड्याची, भक्कम. पण ती उचलून गाडीत चढवायची तर मदतीला दोन माणसं लागत. पहिल्याच आठवड्यात मी ती रीतसर ब्रेकमध्ये, म्हणजे गार्डाच्या मालडब्यात, टाकून नेली. त्या दिवशी डब्यात मूर्तिजापूरच्या एका गृहस्थांशी तुरीच्या पिकावर माझा असा काही वाद रंगला की अकोल्याला मी उतरलो तो वाद संपवतच, आणि सायकल भुसावळला गेली. तिसऱ्या दिवशी ती परत मिळाली. मग अकोल्याच्या स्टेशनाबाहेर तासाच्या भाड्याची घेऊन पाहिली. तिची घंटा सोडून बाकी सगळं वाजे. साहेबांनी उशिराबद्दल मला दोन मेमो दिले आणि तिसऱ्यात काय लिहिणार तेही तोंडी सांगून ठेवलं.

अशा वेळी आमच्या घरमालकीण गोदाबाईंनी सांगितलं की ओमप्रकाशच्या मिलिटरी मालाच्या दुकानात घडीची सायकल आली आहे. मी गेलो. लढाईतले बूट, पाण्याच्या बाटल्या, फाटके तंबू यांच्या मागून त्यानं ती काढली. मधोमध बिजागरी आणि बोटांनी पिळायचे दोन नट. नट सैल केले की पुढचं चाक मागच्या चाकाच्या कुशीत. ओमप्रकाश म्हणाला, "साहब, इसको लेके फौजी आसमान से कूदता था." मला फक्त अकोल्याला उतरायचं होतं. नव्या सायकलीचा विचारही करण्यासारखा नव्हता. आपली सायकल नत्थुजींना विकली (दुधाच्या वजनाला तीच टिकणार होती) आणि जे पैसे आले त्यांत ही बसली. आपलं नाव पुसून द्यायचं राहिलं, ही चूक माझी. खरं सांगायचं तर रॉकेलचा बोळा घेऊन मी बसलो होतो, पण हात झाला नाही.

पहिल्या दिवशी सायकल सतरंजीत बांधून गाडीत बाकाखाली सरकवली. तिकीट तपासनीसांनी विचारलं, हे काय? मी खोटं बोलत नाही हे आपण जाणता. सायकल, म्हणालो. त्यांचा विश्वास बसेना. उघडून दाखवली. ते म्हणाले, ही तर सायकल, हिचं भाडं पडेल. मी घडी केली. ते म्हणाले, हे तर गाठोडं. बराच विचार करून त्यांनी निकाल दिला की घडी आहे तोवर गाठोडं, उघडलीत तर भाडं. झालं! डब्यात बातमी पसरली. आपल्या वऱ्हाडात नवी वस्तू कोणी नुसती डोळ्यांनी बघत नाही. प्रत्येकाला ते नट स्वतःच्या हातानं पिळून पाहायचे होते. "थांबा ना भाऊ, मले एकडाव उघडून पाहू द्या," असं करत महिनाभर अर्ध्या जिल्ह्यानं ते नट पिळले आणि आटे पार झिजून गेले. मी वरून सुतळी बांधून काम चालवू लागलो.

आमचे हेडक्लार्क मोरोपंत यांचं नाव आपण माझ्या तोंडून ऐकलं असेल. मी अकोल्याला आल्यापासून फायलीपलीकडे त्यांनी माझ्याशी शब्द काढला नव्हता, आणि मी चहाला बसलो की ते खिडकीकडे तोंड करून बसत. कारण मी सांगायला नको. एके दिवशी त्यांची सायकल पंक्चर, आणि साहेब नऊलाच येणार. त्यांनी स्टेशनापाशी चार जणांना विचारलं आणि शेवटी माझ्या मागे बसले. बसले ते अंग चोरून, पण बसले. कापूसबाजाराच्या वळणावर सुतळी तुटली. सायकलनं आम्हा दोघांसकट घडी घातली. मोरोपंतांची टोपी माझ्या डब्यातल्या पिठल्यात. मला वाटलं, गेली नोकरी! तर हा माणूस धुळीत बसल्या बसल्या हसायला लागला, इतका की त्यांना उठवायला मलाच हात द्यावा लागला. त्यांनी तो घेतला. म्हणाले, "तायडे, उद्यापासून मी चालवतो, तुम्ही मागे बसा." आणि मामाजी, तेव्हापासून ते रोज स्वतःची सायकल घेऊन स्टेशनात माझी वाट पाहतात. तिसरा मेमो आलेला नाही. चहाला त्यांचं तोंड आता माझ्याकडे असतं. मला हे कोणाला तरी सांगायचं होतं, आणि आपल्याइतकं ते दुसऱ्या कोणाला समजणार नाही.

तेव्हा या जाण्यायेण्यापायी जावयावर सायकल विकायची पाळी आली असं धरून, पुढच्या रविवारी येऊन शालूचं नाव ट्रेनिंगमधून काढतो आणि दोघांना अकोल्याला एका खोलीत बसवतो, असं जे आपण लिहिलं आहे, त्याचं आता कारण उरलेलं नाही. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन आल्यावर आपणच ओट्यावर उभं राहून सगळ्यांदेखत सांगितलं होतं की माझी पोरगी मास्तरीण होईल. दोन महिने राहिलेत. आपलं कार्ड मी शालूला दाखवलेलं नाही. इकडे सगळं सुरळीत आहे. मी अकोल्याला जातो, शालू पाठ घ्यायला बडनेऱ्याच्या शाळेत जाते, सायकल आपलं काम करते.

आईंना जयभीम. लोभ आहेच, राग तेवढा कमी व्हावा.

आपला,
शेषराव

ता. क. ओमप्रकाशच्या ओळखीच्या वेल्डरनं सायकलची बिजागरी कायमची जोडून टाकली आहे. तिची आता घडी होत नाही. रविवारी चार लोकांत ती करून दाखवायला सांगू नये.

ता. क. २. गुडघ्याची हकीकत राहिली. तो मोरोपंतांसोबत नाही फुटला. पुंजाजीकाका पुन्हा बाजाराला येण्याआधी मीच सांगतो. सकाळी बडनेरा रोडवर एक बाई पातळ खोचून सायकल हाणताना दिसते आणि मागे एक इसम डबा आणि तक्त्यांची गुंडाळी धरून बसलेला असतो. ती बाई परकी नव्हे, आणि इसम मी. ती मला स्टेशनात सोडते आणि तशीच शाळेत जाते. आपली सायकल तिच्यानं पेलली नसती. ही बुटकी, मिलिटरीची असून तिला नेमकी झाली. "कावून, मले कावून नाई येनार?" असं म्हणाली आणि चार दिवसांत शिकली. मी सीट धरून मागे पळत होतो. ती निघून गेली, मी पडलो.

ता. क. ३. कार्ड शालूनं वाचलं आहे. माझ्या खिशातच सापडलं. ती रडली नाही, पण जेवलीही नाही. हे पत्र ज्यासाठी लिहिलं ते आता सांगतो. या सायकलला चेनकव्हर नाही, पण वेल्डरनं मधे जी पट्टी मारली तिच्यावर एक ओळ बसते. मी पेंटरला 'सौ. शालू शेषराव तायडे' लिहायला सांगितलं होतं. तिनं त्याचा हात धरला. म्हणाली, "शालू देवराव खंडारे लिवा. ओट्यावर बाबा बोलले होते, तुमी नाई." मात्र आपल्याला विचारल्याशिवाय आपलं नाव घालायचं नाही, असंही तिनं बजावलं आहे. तेव्हा रविवारी आधी घरी यावं, ट्रेनिंगचं हापिस तसंही सोमवारीच उघडतं. रंग आणून ठेवला आहे, पिवळाच.