पाठीला गुरू हवा

ताइनान, ९ मार्च १९८६

ती. सौ. सोकलानताईस,

बुनहायचा न. वि. वि. नेहमीचा साष्टांग या खेपेस गाळला आहे, रागावू नकोस. पाठ परवानगी देत नाही आणि थोरल्या बहिणीला खोटं लिहिणं बरं नव्हे.

पेजेच्या दुकानात पहाटेपासून माशांचे काटे काढता काढता माझ्याच कण्यात काटा अडकलाय. दवाखान्यातल्या गोळ्यांनी पाठ थांबत नाही, पोट मात्र जळतं. म्हणून हिच्या सांगण्यावरून बागेत गेलो, नीट उभं राहायला नि चालायला शिकवणारा कोणी गुरू मिळतो का बघायला. तिथे एक सोडून तीन निघाले! वडाखालचे कुओ मास्तर झाडावर पाठ आपटायला लावतात. ये आडनावाच्या बाई तळ्याभोवती टाळ्या वाजवत उलट्या पावली चालवतात. आणि हुंग मास्तर पोटाशी रांजण धरल्यासारखे हात करवून नुसतं उभं करतात. मला हसू आवरेना. पण खरं सांगतो, तो नसलेला रांजण धरला तेव्हा जरा वेळ पाठ आहे हेच विसरलो.

तिघेही पैसे घेत नाहीत आणि तिथेच माणूस फसतो. पैसे दिले असते तर सोडून जाता आलं असतं. इथे एकदा त्यांच्या रंगाचा सदरा घातला, त्यांच्या पंगतीला सोयाबीनचं दूध प्यायलं, की जन्माचे चेले. मी भिडेपोटी तिघांकडेही प्यायलो आहे.

थडगी झाडायचा सण महिन्यावर आला. आईच्या थडग्यापुढे गुडघे टेकायचे आहेत. गेल्या वर्षी मी उभ्यानेच हात जोडले, तेव्हा चुलत्यांच्या किमसुआनने किती नाक मुरडलं ते तू पाहिलंस. काय करू, कळव. दाजींना नमस्कार. पाठ वाकली तरी लोभ ताठ राहू दे.

तुझा,
बुनहाय


लुकांग, १५ मार्च

चि. बुनहाय यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझे दाजी इतके हसले की ठसका लागला. अरे, दोन डगरींवर पाय ठेवणारे पाहिले होते, तू तिसरी शोधलीस! एकच गुरू धर.

किमसुआन गावभर सांगत सुटलाय की यंदा आधी तोच गुडघे टेकणार. थोरल्या मुलाला जमत नसेल तर चुलतभावाने नको का करायला, म्हणे. आईला हयातीत कधी एक केळं आणून दिलं नाही मेल्याने! त्याचे गुडघे तुझ्या आधी टेकलेले मला पाहवणार नाहीत.

बाकी खुशाल. तुझा तो रांजण मी अंगणात धरून पाहिला, नुसती गंमत म्हणून. शेजारच्या भाजीवाल्या काकूंनी विचारलं काय धरलंय, तर सांगितल्यावर त्याही उभ्या राहिल्या. झाडावर पाठीचा नेमका कुठला भाग आपटायचा, उलटं चालताना चवडा आधी की टाच, सविस्तर लिही. सहज विचारते.

पाठ शेकत जा, आणि आठवण ठेव.

सोकलान


ताइनान, २३ मार्च

ती. सौ. ताईस, न. वि. वि. साष्टांग अजून नाही.

चवडा आधी, मग टाच. झाडावर खांदे आपटायचे, कंबर नाही. मी कंबर आपटली म्हणून कळलं. पण तुला ही चौकशी कशाला?

इथे माझी पार शोभा झाली. मी तिघांचे सदरे एकावर एक घालून जात होतो. काल ये बाईंची रांग उलटी चालत हुंग मास्तरांच्या उभ्या मंडळीत घुसली आणि सगळे रांजण फुटले. वडामागे लपायला गेलो, तर पलीकडून कुओ मास्तरांचे चेले झाड हलवत होते. माझी झडती झाली. लाल सदरा निघाला, खाली पिवळा, त्याखाली निळा. मग एकाने खांदा, दुसऱ्याने कंबर, बाईंनी पाय धरला आणि ही पाठ कोणी बिघडवली यावर तिघे भांडले. पाठ त्यांच्या हातात असताना!

शेवटी भूमिदेवाला कौल लावला. चंद्रकोरीच्या आकाराचे ते दोन लाकडी तुकडे टाकले. कुठल्याही गुरूचं नाव घ्या, दोन्ही सपाट बाजू वर. म्हणजे देव हसतोय. ते उचलायला वाकलो आणि तिथेच आडवा झालो. पुजाऱ्याने माझ्या कडेकडेने झाडून घेतलं.

एक आशा आहे. मासे आणणारा टेम्पोवाला सांगत होता, तुमच्या लुकांगमध्ये एक बाई शिकवतात, मोठा हातगुण आहे. त्यांचे गुरू म्हणे दक्षिणेत कुठेसे असतात, दर्शन देत नाहीत, फक्त पत्रं पाठवतात. ओळख काढ, माझा नंबर लाव. रडकुंडीला आलोय, ताई. यंदाही आईपुढे उभा राहिलो तर पुढच्या वर्षी तोंड दाखवायला येणार नाही.

तुझाच,
बुनहाय


लुकांग, २७ मार्च

चि. बुनहाय यास आशीर्वाद.

नंबर लागला. ती बाई मीच.

ह्या थंडीत माझा उजवा हात वर जाईना. तुला कळवलं नाही. तुझी पाठ, वर माझा खांदा कशाला! अंबाडा तुझे दाजी घालून देत, तो कसा असे ते विचारू नकोस. मग तू ज्याची चेष्टा केलीस ते मी करत गेले आणि ज्याने तुला दुखलं ते वगळलं. आता माझा अंबाडा मीच घालते. काकूंनी गल्ली गोळा केली. तुझी पत्रं मी सगळ्यांना वाचून दाखवते, शिव्या गाळून. एकावर एक सदरे घालणं ही बायकांना फार वरची पायरी वाटली. काहीजणींनी सुरूही केलं. नाही म्हणायचा मला धीर झाला नाही.

त्या तुला महागुरू मानतात, तेव्हा बाबा, वाकडा येऊ नकोस. मासे साफ करायचं टेबल विटा लावून उंच कर. मधेमधे रांजण धर. कोणाचाही सदरा घालू नकोस. हे गुरू म्हणून सांगते. नाही, बहीण म्हणूनच सांगते.

वाट पाहते.

सोकलान


ताइनान, ९ एप्रिल

ती. सौ. ताईस,

सा. न. वि. वि. आजचा साष्टांग खराखुरा आहे. दुकानाच्या फरशीवर, लुकांगकडे तोंड करून घातला. मी पडलो असं वाटून ही धावत आली.

सणाला आलो तेव्हा बसथांब्यावर मला घ्यायला आलेल्या, तीन-तीन सदरे घालून घामाघूम झालेल्या तुझ्या बायका माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. आईच्या थडग्यापुढे मी गुडघे टेकले आणि उठलो नाही, म्हणून मागोमाग आलेल्या त्याही बसल्या. मग किमसुआनलाही बसावं लागलं, सगळ्यांच्या मागे, चिखलात. महागुरूंची समाधी लागली असं आता लुकांगभर झालंय म्हणे. समाधी कसली! पाठ अडकली होती. तुला ते कळलं, कारण तूच मागून माझ्या दोन खांद्यांच्या मधोमध बोटं टेकवलीस.

ताई, जेवताना आई नेमकी तिथेच चॉपस्टिक टोचायची, सरळ बस म्हणून. किती राग यायचा आपल्याला! तुझी बोटं लागली आणि मी विचार न करता सरळ झालो. रडलो तो दुखलं म्हणून नव्हे. गुरूपायी बाग पालथी घातली, देवाला हसवलं, आणि ती बाई तर रोज आपल्याला जेवायला वाढत होती.

शेवटी, थडग्यापुढे ठेवलेला नैवेद्य आईचा जेवून झाला का म्हणून तू कौल टाकलास. दोन्ही सपाट बाजू वर. आई हसत होती. तुकडे उचलायला मी वाकलो, आणि उठलोही.

तुझा, सरळ बसून लिहिणारा,
बुनहाय