कुलूपबंद खोलीतली पेटी

धाकटीला ताईचे आशीर्वाद, आणि दोन शिव्याही.

मी बरी आहे. मुलगा-सून कामावर जातात, नात कानात फोनची बोंडं घालून बसते. मग मी आणि फ्रिजचा आवाज.

काल टीव्हीवर आपला तो सिनेमा लागला. कुलूपबंद खोलीत पेटी वाजते, ती ऐकून हिरो प्रेमात पडतो, आणि मध्यंतरातच आबांनी आपल्याला दंडाला धरून घरी नेलं, तो. तेव्हापासून तू म्हणतेस, वाजवणारी मेलेली आहे. मी म्हणते, जिवंत आहे, कुणीतरी कोंडलीय. काल मी शेवटपर्यंत बघितला, एकटीच. डोळ्याला पदर लावावा लागला, मोतीबिंदूमुळे.

तुझा मुलगा फोनवर सांगत होता, तू हृदयाच्या ऑपरेशनला नाही म्हणतेस. "आता माझं काय राहिलंय," म्हणालीस म्हणे. फार शहाणी झालीस! जेवतेस तरी का?

पेटी कोण वाजवत होतं ते मी लिहिणार नाही, फोनवरही सांगणार नाही. आधी ऑपरेशन करून घे. मी येईन, तुझ्या खाटेशी बसेन, मग सांगेन. तशीच मेलीस तर मीच जिंकले असं धरीन, आणि तुझ्या सुनेलाही तसंच सांगेन.

तुझी भांडकुदळ
ताई